फाल्गुनातील शिंक

वसंत ऋतूचे वर्णन करावयाचे म्हटले म्हणजे आम्रमोहर, कोकिळा आणि मंद वारा ह्यांची नावे आपोआप ओठांवर येतात. ज्या घरात पावणेदोन वर्षांचे मूल आहे, त्या घरातील वसंत मात्र काही निराळ्याच खुणेने ओळखावा लागतो. आमच्या घरी तो ह्या वर्षी शिंकेने आला. महाशिवरात्र झाली, थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून गेली, आणि आठ दिवसांतच आमची नात पहाटे डोळे उघडता उघडता एकापाठोपाठ पाच-सहा शिंका देऊ लागली. नाक वाहे, डोळे चोळून चोळून लाल होत, आणि स्वारी चिडचिडी होऊन बसे. दहा वाजेपर्यंत मात्र सारे शांत. जणू काही झालेच नव्हते!

हैदराबादचा वसंत तसा अल्पायुषी. फेब्रुवारी सरता सरता तो येतो आणि मार्च संपण्यापूर्वीच उन्हाळ्याच्या स्वाधीन होतो. त्यामुळे त्या चार-पाच आठवड्यांत मुलांना घेऊन जितके हिंडता येईल तितके हिंडावे, असा आमच्या सूनबाईंचा कटाक्ष. एका रविवारी सारी मंडळी विकाराबादच्या बाजूला, अनंतगिरीच्या डोंगरांकडे गेली होती. जेथे आपली मुसी नदी उगम पावते, तोच हा प्रदेश. वाटेवर पळस फुललेला. तेलुगूत त्याला ‘मोदुग’ म्हणतात. पान एक नाही आणि झाड पेटल्यासारखे! नातीने दोन्ही मुठींत फुले भरून आणली, आणि ती आमच्या काचीगुड्याच्या घरात दोन दिवस फुलपात्रात विराजमान झाली होती.

झाले! शिंका सुरू होताच घरातील न्यायसभेने पळसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. फिर्याद अर्थातच माझी. “इतक्या लहान पोरीला रानावनात हिंडवायचे काही कारण होते का?” असे मी सूनबाईंना म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून मुलीचे बाहेर जाणे बंद झाले. रोज संध्याकाळी मी तिला बाग-ए-आममध्ये, म्हणजे नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमध्ये नेत असे, तेही बंद. ह्या बागेत एके काळी प्राणिसंग्रहालय होते. माझ्या आईने तेथला वाघ पाहिलेला होता. पुढे १९६३ मध्ये बहादूरपुऱ्याचे नेहरू प्राणी उद्यान लोकांसाठी खुले झाले आणि जनावरे तिकडे गेली. आमच्या नातीला वाघाची उणीव भासत नाही. तिला तेथील खारी पुरतात. ती रोज पाच वाजले की आपल्या वीतभर चपला हातात घेऊन दाराशी उभी राही आणि आम्ही दार उघडत नाही असे पाहून भुईवर बसकण मारी. खाऊ पुढे केला तर “नक्को”, बाहुली पुढे केली तर “नक्को”.

हा शब्द ऐकून मला हसू येई. मराठीतला साधा ‘नको’ दखनीने उचलला, त्याच्या ‘क’ला दुसरा ‘क’ जोडून दिला आणि साऱ्या शहराच्या तोंडी बसवला. आता तो आमच्या मराठी घरात दखनी वेष घेऊन परत आला आहे, आणि पाळणाघरातून आला आहे, हे विशेष.

सोळा दिवस ही नजरकैद चालली. शिंका काही थांबल्या नाहीत.

तेव्हा आम्ही मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या अस्सल हैदराबादी. त्यांनी मुलीचे नाक, कान, छाती सारे तपासले आणि पहिलाच प्रश्न टाकला, “अम्मा, बच्ची कू घर में कायकू बंद कर के रखे?” मी पळसाची हकीकत सांगितली. त्या हसल्या. त्यांनी जे समजावून दिले, ते माझ्या शब्दांत सांगते. जे फूल रंगाने डोळे दिपवते, ते किड्यापाखरांना बोलावण्यासाठी रंगलेले असते. त्याचा पराग जड आणि चिकट. तो मैनेच्या किंवा शिंजिराच्या डोक्याला चिकटून दुसऱ्या फुलाकडे जातो, वाऱ्यावर फारसा उडत नाही. पळस, पांगारा, काटेसावर ही सारी ह्याच पंथातली. नाकाला छळणारा पराग असतो तो बहुधा वाऱ्यावर संसार करणाऱ्या झाडांचा, आणि त्या झाडांना नटण्याची गरजच नसते. वावळ घ्या, रिकाम्या जागेवर माजणारा एरंड घ्या, निरनिराळी गवते घ्या. त्यांची फुले आपल्या नजरेलाही पडत नाहीत. कोनोकार्पस नावाचे एक परदेशी झाड अलीकडे शहरोशहरी रस्त्यांच्या कडेने लावले गेले, तेही ह्याच संशयितांत मोडते. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीस बंदी केली.

नटव्यावर आळ यावा आणि गरीब दिसणारा सुटावा, ही चूक काही माझ्या एकटीची नव्हे. १८१९ मध्ये लंडनच्या जॉन बॉस्टॉक ह्या डॉक्टरांनी दर उन्हाळ्यात आपल्या स्वतःच्या डोळ्यांना आणि नाकाला होणारा त्रास वैद्यांच्या सभेपुढे वर्णन करून सांगितला. त्यांचा रोख उन्हावर आणि उष्म्यावर होता. लोकांनी दोष दिला वाळलेल्या गवताच्या वासाला, आणि ‘गवताचा ताप’ असे नाव रूढ केले. वास्तविक त्यात ताप नाही आणि वाळल्या गवताचा दोषही नाही. पुढे मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली ह्यांनी ह्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्यांच्या मुलांनी फुलावर आलेल्या गवताची जुडी आणून घरात फुलदाणीत ठेवली होती; ब्लॅकली जवळ गेले, पराग उडाला आणि त्यांना सटासट शिंका आल्या. ब्लॅकलींनी फुलदाणीवर संशय घेतला तो माझ्यासारखा नव्हे. त्यांनी पुढे अनेक वर्षे प्रयोग केले. चिकट द्रव लावलेल्या काचा पतंगाला बांधून उंच आकाशात चढवल्या आणि तेथेही पराग तरंगत असतो हे दाखवले. त्यांचा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण ॲलर्जीला ‘वावडे’ म्हणतो आणि पतंगाला ‘वावडी’. तेव्हा वावड्याचा शोध वावडीने लागला, असे मराठीत तरी म्हणता येईल.

आणि दूर कशाला, आपल्याच शहराचे उदाहरण आहे. मलेरिया ह्या शब्दाचा अर्थ दूषित हवा. शतकानुशतके लोक हवेला दोष देत आले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस ह्यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले आणि हवेवरील तो जुना आळ दूर झाला. बेगमपेठेत त्यांच्या नावाची संस्था आहे. तिच्यावरून मी शेकडो वेळा गेले असेन. हा धडा मात्र घरात शिंका सुरू झाल्यावर आठवला.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. परागाचे वावडे जडण्यासाठी त्या परागाचा एक-दोन ऋतूंचा तरी सहवास घडावा लागतो. म्हणून दोन वर्षांच्या आतील मुलाची शिंक ही वसंताची नसून साध्या पडशाची असणे अधिक संभवते. ह्या वयाच्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा पडसे होते, पाळणाघरात जाणाऱ्याला त्याहूनही अधिक. पण पडसे दिवसभर राहते. हिला त्रास होतो तो फक्त पहाटे, आणि घरातच. तेव्हा त्या म्हणाल्या की वही घाला. मुलगी केव्हा, कोठे, कशाजवळ असता शिंकते ते आठ दिवस लिहून काढा.

ती वही मी लिहिली. पहिल्या पानावर “पहाटे ५॥, अंथरुणात, सहा शिंका”. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्या दिवशी “संध्याकाळी ७, धुरीनंतर, चार शिंका, डोळ्यांना पाणी”. पाचव्या दिवशी वही मिटून ठेवावीशी वाटली, कारण आरोपी कोण हे माझ्या ध्यानात येऊ लागले होते.

धुरी मी देत होते. चारमिनारजवळच्या बाजारातून आणलेला लोबान निखाऱ्यावर टाकून, तिन्हीसांजेला मुलीच्या अंगावरून ती शेगडी ओवाळायची, ही आमच्या घरातली जुनी रीत. आणि पहाटे ती ज्या गोधडीत तोंड खुपसून निजत होती, ती गोधडी माझी. माझ्या आईच्या तीन लुगड्यांची, माझ्या हाताने शिवलेली. थंडीपुरती ट्रंकेतून काढली होती, आणि थंडी गेल्यावरही मुलगी तिला सोडीना, म्हणून तशीच राहिली होती. तीन महिने तिला पाणी लागले नव्हते.

घरच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारा एक आठ पायांचा किडा राहतो. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर तो जगतो, आणि वावडे येते ते मुख्यतः त्याच्या विष्ठेचे. धुळीच्या वावड्याचे मूळ हा किडा आहे, हे हॉलंडमधील लेडन येथील संशोधकांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. कोरड्या हवेत हा किडा जगत नाही, पण त्याने मागे ठेवलेली घाण गाद्या-गोधड्यांत महिनोन्महिने राहते. ऊन दाखवून भागत नाही. चांगल्या कढत पाण्यात धुवावे लागते.

गोधडी कढत पाण्यात घातली असती तर जुन्या लुगड्यांच्या चिंध्या झाल्या असत्या. रात्रभर मी त्याचा विचार केला. सकाळी सूनबाईंच्या हातात वही दिली. त्यांनी ती वाचली, आणि म्हणाल्या, “आई, गोधडी टाकायची नाही. पिशवीत बांधून वरच्या फळीवर ठेवू. ती मोठी झाली की तिचीच आहे.” पळसाबद्दल मी जे बोलले होते त्याचा त्यांनी उल्लेख केला नाही. मीच केला.

नव्या चादरीवर निजायला मुलगी दोन रात्री रडली. तिसऱ्या रात्री निजली. धुरी बंद झाली. देवापुढची उदबत्तीही आता दुसऱ्या खोलीत लागते. पहाटेच्या शिंका सहावरून एक-दोनवर आल्या. अगदी गेल्या असे मी म्हणणार नाही. समोर एक इमारत पाडून दुसरी बांधताहेत, तिची माती रोज खिडकीतून आत येते. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

ह्या प्रकरणात आम्ही काय केले नाही, तेही सांगायला हवे. कपाटात गेल्या वर्षीची सर्दीच्या औषधाची बाटली होती, ती डॉक्टरीणबाईंनी फेकायला लावली. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन ह्यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. आपल्या आजीबाईच्या बटव्यातील कापराची पुरचुंडीही लहान मुलाच्या नाकाशी नेऊ नये. कापराने मुलाला झटके येऊ शकतात. उकळत्या पाण्याचा वाफारा नको, मुले भाजतात. नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, एवढेच आम्हांला सांगण्यात आले. मात्र मूल शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा अधिक वेळा श्वास घेत असेल, बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, किंवा श्वासाबरोबर शीळ वाजत असेल, तर वही लिहीत बसू नये. त्याच घटकेला डॉक्टरकडे जावे.

शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मृगाची वाट पाहायला सांगितले होते. मृगाला नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर मत्स्यप्रसादासाठी दम्याचे हजारो रुग्ण देशभरातून येतात, हे आपण जाणताच. लहानशा जिवंत मरळ माशाच्या तोंडात औषध घालून तो रोग्याला गिळायला देतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना मी काय म्हणावे? पण त्या औषधाचा गुण शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही, आणि पावणेदोन वर्षांच्या मुलीच्या घशात जिवंत मासा उतरवण्याचे धैर्य मला नाही. शेजारीणबाई थोड्या रुसल्या. रुसू देत.

गुढीपाडव्याच्या दिवशी नजरकैद संपून काही दिवस होऊन गेले होते. त्या दिवशी इकडे आमची कडुनिंबाची पाने आणि गूळ, तिकडे तेलुगू शेजाऱ्यांकडून आलेली, कडुनिंबाचा मोहर घातलेली उगादीची पच्चडी. नातीने दोन्ही चाखून दोन्हींना “नक्को” म्हटले. संध्याकाळी आम्ही तिघी बाग-ए-आममध्ये गेलो. वावळाच्या चपट्या, पापुद्र्यासारख्या फळांचा वाटेवर सडा पडला होता. तिने ओंजळभर उचलली, गाल फुगवून फुंकर मारली, आणि लगेच एक सणसणीत शिंक दिली. मी सूनबाईंकडे पाहिले, सूनबाईंनी माझ्याकडे. मग त्यांनी पदराने पोरीचे नाक पुसले, तिला खाली सोडली, आणि ती पुन्हा ओंजळ भरू लागली.