मर्जच्या आधी, दोन्ही बाजूंनी

पॅन्डास या पायथॉन लायब्ररीत दोन तक्ते मर्ज करायचे, म्हणजे जोडायचे कसे, हे तुम्हाला येतंच. माझं गाऱ्हाणं जोडण्याआधीच्या तपासणीबद्दल आहे, जी बहुतेक जण टाळतात. आपला मराठवाडाच घ्या. २०११च्या जनगणनेत औरंगाबाद आणि उस्मानाबाद; सप्टेंबर २०२३मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली, तेव्हापासूनच्या तक्त्यांत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. जिल्हे दोन्हीकडे आठच. आकडा जुळला म्हणून नावावरून मर्ज केलं, की हाती सहाच ओळी येतात, कारण मर्ज मुळात दोन्हीकडे सापडेल तेवढंच ठेवतं. १,८७,३१,८७२ लोकांमधून ५३,५८,८५८ लोक गळाले, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त, आणि यंत्रानं चकार शब्द काढला नाही. सगळ्या ओळी राखायला सांगितल्या तरी रकाने रिकामे राहतात आणि बेरीज ते गुपचूप वगळते.

स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात ना, तसंच हे. सासूबाईंच्या फळीवर ‘दाणे’, सूनबाईंच्या फळीवर ‘शेंगदाणे’. डबे मोजून काय कळणार? इकडची कुठली चिठ्ठी तिकडे नाही ते बघा, मग तिकडची कुठली इकडे नाही तेही बघा. पॅन्डासच्या इंडेक्सवरचं डिफरन्स हेच करतं, पण एकाच बाजूचं उरलेलं देतं; म्हणून ते दोनदा चालवायचं. पुन्हा सांगतो, दोनदा! इंडेक्सच्याच इक्वल्सवर भागणार नाही. ते नुसतं हो की नाही एवढंच सांगतं, आणि डबे तेच असून फळीवरचा क्रम बदलला तरी ‘नाही’ म्हणतं.

कुणी म्हणेल, नामांतर तर सगळ्यांना ठाऊक आहे, दोन नावं बदलून टाकू. जरूर बदला. पण बीडचं काय? जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात ते एका ‘आय’नं लिहिलंय, इतरत्र दोन ‘ई’ असतात. त्याची अधिसूचना कुणी काढली नव्हती. नावाच्या शेवटी चिकटलेली मोकळी जागा तर डोळ्यांना दिसतही नाही; उरलेल्यांच्या यादीतच ती पकडली जाते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: नावं सोडा, कोड वापरा. २०११च्या जनगणनेत औरंगाबाद ५१५, उस्मानाबाद ५२५. दोन्ही तक्त्यांत तेच कोड असतील तर उत्तम. पण ते आहेत का, हे तपासायलाही डिफरन्सच लागतं, दोन्ही बाजूंनी. शिवाय १ मे १९८१ला औरंगाबादमधून जालना जिल्हा वेगळा झाला. १९७१चं औरंगाबाद आणि १९९१चं औरंगाबाद, चिठ्ठी तीच, पण मधल्या काळात बरेचसे दाणे दुसऱ्या डब्यात गेले. इथे डिफरन्स जालना नवा म्हणून दाखवेल, पण औरंगाबादची चिठ्ठी दोन्हीकडे असल्यानं त्याबद्दल गप्प राहील आणि तुलना चुकेल. उस्मानाबादमधून १९८२ला लातूर निघालं, परभणीतून १९९९ला हिंगोली. त्यावर उपाय तालुक्यांपासून सुरू होतो, पण घड्याळ मला थांबवतंय. चिठ्ठ्या जुळल्या म्हणजे काम संपलं असं नाही, पण त्या जुळवल्याशिवाय ते सुरूही करू नका. मर्जच्या आधी डिफरन्स, आणि तेही दोनदा.