परदेशी शिक्षण : मान्यता कोणाची आणि कशासाठी?



शिरड शहापूर परिसरातील मुले-मुली आज शिक्षणासाठी नांदेड-लातूरला जातात. काहींची दृष्टी त्याहून दूर, परदेशाकडे लागलेली असते. ही वाट एका मराठी स्त्रीने फार पूर्वीच चोखाळली. १८८३ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. १८५० पासून स्त्रियांना वैद्यक शिकविणारी ती प्रतिष्ठित संस्था होती. त्या पदवीच्या बळावर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. मायदेशी उपयोगी पडावी, हेच पदवीचे खरे मोल.

आज ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द प्रत्येक माहितीपत्रकावर छापलेला असतो. परंतु त्यात तीन भिन्न गोष्टी दडलेल्या असतात. परदेशी विद्यार्थी घेण्याचा सरकारी परवाना ही पहिली, शिक्षणाच्या दर्जाची मान्यता ही दुसरी आणि त्या पदवीवर भारतात व्यवसाय करण्याची मुभा ही तिसरी. एक असली म्हणजे उरलेल्या दोन असतातच असे नाही.

कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठाकडे पहिला परवाना होता, दर्जाची मान्यता मात्र नव्हती. जानेवारी २०११ मध्ये तेथे छापा पडला आणि संस्था बंद झाली. विद्यार्थ्यांत बहुसंख्य भारतीय होते. काहींच्या पायांत पाळतीची इलेक्ट्रॉनिक कडी अडकविली गेली. संचालिकेला पुढे शिक्षा झाली. पण मुलांची वर्षे आणि पालकांचा पैसा परत आला नाही.

वैद्यकीय शिक्षणात तर अधिक सावधगिरी हवी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता व्हावी आणि त्या पदवीवर त्या देशातही वैद्यकीय व्यवसायाची नोंदणी मिळत असावी. नीटची पात्रताही आवश्यक आहे. ‘आयोगाची मान्यता आहे’ एवढ्या तोंडी शब्दावर विसंबू नये. एकेक अट संस्थेकडून लेखी मागावी.

पडताळणीची साधने मोफत उपलब्ध आहेत. ब्रिटनचे सरकार परवानाधारक संस्थांची नोंदवही प्रसिद्ध करते. कॅनडाही अधिकृत संस्थांची यादी देतो. मात्र त्या यादीतील प्रत्येक अभ्यासक्रमानंतर तेथे नोकरीचा परवाना मिळतोच असे नाही. अमेरिकेत विद्यार्थी घेण्याचा परवाना व दर्जाची मान्यता या दोन्ही स्वतंत्रपणे तपासता येतात. प्रवेश करून देणाऱ्या मध्यस्थाला पुष्कळदा संस्थेकडूनच दलाली मिळते, हेही ध्यानी असावे.

शेत गहाण टाकून, सोयाबीन-हळदीच्या उत्पन्नातून साठविलेली पुंजी पाठविण्यापूर्वी प्रत्येक पालकाने तीन प्रश्न विचारावेत : मान्यता कोणी दिली? कशासाठी दिली? आणि ती आजही चालू आहे काय? उत्तरे त्या त्या शासनाच्या नोंदीत स्वतः पाहावीत आणि मगच शुल्क भरावे.