एकाच घरातली दोन प्रेमं

मी मूळची कोल्हापूरची, वाढले बेंगळुरूत, जयनगरमध्ये. आज मी २२ वर्षांची आहे. सांगणार आहे ते १५व्या वर्षाबद्दल. साल २०१८.

त्या वर्षी आमच्या घरात दोघीजणी फोन लपवत होत्या. एक मी आणि दुसरी आई! माझ्या फोनवर ट्यूशनमधला एक मुलगा होता. आईच्या फोनवर कोण आहे ते मला कळलं, तेव्हा लग्न ठरून गेलं होतं.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. काका कन्नड, त्यांना नऊ वर्षांचा मुलगा. ते दोघं राहायला आले, माझं अर्धं कपाट गेलं, आमटीच्या जागी सारु आलं. तो छोटा पहिल्या दिवसापासून मला ‘अक्का’ म्हणायला लागला. हा शब्द मराठीतही आहे, कन्नडमध्येही आहे, त्यामुळे नाही म्हणायला मला कारणच सापडेना.

काकांशी मात्र मी बोलत नव्हते. आईला म्हणाले, “या वयात हे शोभतं का तुला?” आणि संध्याकाळी स्वतः मेट्रोत बसून लालबागला त्या मुलाला भेटायला गेले. जयनगरहून दोनच स्टेशनं.

एका शनिवारी तो म्हणाला, “आमच्या घरी विचारतात, तुमच्याकडे नक्की कोण कोणाचं आहे? आपण नको भेटूया.”

मला राग आला, पण उत्तर देता येईना. कारण गेले कित्येक महिने मी घरात हेच तर विचारत होते.

घरी आले ती जिन्यातच बसून रडले. छोट्याने पाहिलं आणि वडिलांना बोलावून आणलं. काका दोन पायऱ्या खाली बसले. मुलगा कोण, काय झालं, काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, “ऊटा आयता?” म्हणजे जेवलीस का. कन्नड माणूस ‘कशी आहेस’ असं विचारायचं असलं तरी हेच विचारतो. मी मान हलवली. ते ताटलीत दहीभात घेऊन आले. हळूहळू मीच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “आईला तू सांग. मी आपणहून सांगणार नाही. पण तिने विचारलं, तर खोटंही बोलणार नाही.”

त्या रात्री मी आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी आठ महिने तुझ्यापासून लपवलं. आता कोणत्या तोंडाने रागावू? पुढच्या वेळी आधी सांग.”

मी विचारलं, “पुढच्या वेळी म्हणजे? तुझ्या की माझ्या?” लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा एकत्र हसलो.

पुढे कॉलेजात आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ हाती आलं. १८९३ साली विधुर धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, त्याच या आनंदीबाई. मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. हे आपण शाळेत शिकतो. पण कर्व्यांचा पहिल्या पत्नीपासूनचा मुलगा रघुनाथ तेव्हा ११ वर्षांचा होता. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ काढणारे र. धों. कर्वे ते हेच. लग्न करणाऱ्यांचं धैर्य आपल्याला ठाऊक असतं. त्या ११ वर्षांच्या मुलाशी तेव्हा कोण काय बोललं असेल, हा विचार माझ्या मनात तोवर आलाच नव्हता.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात ‘नैसर्गिक पालक’ या व्याख्येत सावत्र आई-वडील येत नाहीत. म्हणजे कायद्याने काका माझे कोणी नव्हते. जिन्यात बसायची त्यांच्यावर सक्ती नव्हती. तरी ते बसले, म्हणून ते माझे झाले.

इथे बसलेल्या आई-बाबांना एकच सांगते. नवं नातं जोडताना मुलांची परवानगी नका मागू हवं तर, पण त्यांना सगळ्यात शेवटी सांगू नका. आणि मुलींनो, आईनेही प्रेमात पडावं. त्याने आपल्या वाटणीचं कमी होत नाही. कपाट तेवढं अर्धं होतं!

मी त्यांना अजून काकाच म्हणते. छोटा आता १६ वर्षांचा आहे आणि हल्ली फोन पालथा ठेवतो. मी काही विचारत नाही. एवढंच म्हणते, “ऊटा आयता?”