वादळांतून बोलणारा गुरु



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हां मंदिराच्या भिंतींचा व घंटेचा इतिहास सांगण्यापेक्षां, ज्या गुरूच्या पायांशीं आपले वाडवडील बसत आले त्याच्याविषयींच बोलावें, असें मनानें घेतलें. ईयोबाच्या ग्रंथांतील छत्तिसाव्या अध्यायांत अलीहू नांवाचा तरुण एकाच वाक्यांत दोन गोष्टी जोडतो: देवाचें सर्वश्रेष्ठ सामर्थ्य आणि त्याचें अद्वितीय गुरुपण.

या ठिकाणीं भाषांतरकारांचीहि पंचाईत झालेली दिसते. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ शिकविणारा असा आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरांत तेथें सत्ताधीश या अर्थाचा शब्द आला. आणि संत जेरोम यांनीं आपल्या लॅटिन बायबलांत नियम घालून देणारा असा अर्थ घेतला. आपलीहि अडचण हीच आहे. ज्याच्या हातीं सत्ता आहे तो हुकूम सोडतो, शिकवीत बसत नाहीं, असा आपला अनुभव. आपला ‘शिक्षा’ हा शब्दच पाहा ना! संस्कृतांत त्याचा अर्थ शिकवण. आपल्या रोजच्या बोलण्यांत मात्र दंड.

ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद व सोफर, याच घोटाळ्यांत सांपडले. मुलेंबाळें व गुरेंढोरें गमावून, सर्वांगाला फोड आलेल्या स्थितींत तो राखेंत बसला असतां ते आले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले. एवढेंच करून ते परत गेले असते तर किती बरें झालें असतें! पण ईयोबानें आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, आणि यांची जीभ सुटली. तूं पाप केलें असशील, म्हणून देवानें शिक्षा केली. त्यांच्या लांबलचक भाषणांत याहून वेगळें फारसें कांहीं नाहीं.

मी त्यांना हंसत नाहीं. तरुणपणीं मी धर्मशिक्षण देत असतां, एका घरचा कर्ता मुलगा समुद्रावर गेला तो परतला नाहीं. मी सांत्वनाला गेलों आणि त्याच्या आईला म्हणालों, “बाय, देवाची शिक्षा समजून सोसा. घरांत रात्रीची प्रार्थना सुटली होती ना?” ती कांहीं बोलली नाहीं. पदर तोंडाला लावून आंत गेली. आपण मोठें सत्य सांगितलें, अशा समजुतीनें मी घरीं आलों.

आतां देव स्वतः कसा शिकवितो तें पाहा. अडतिसाव्या अध्यायांत तो वादळांतून बोलूं लागतो. आपल्यावरील आरोप लिहून मिळावा, असें ईयोबानेंच म्हटलें होतें. पण चार अध्याय चाललेल्या या उत्तरांत, त्याच्या अविचारी शब्दांबद्दल देव त्याला टोंकतो खरा, तरी मित्र ज्या जुन्या पापाचा शोध घेत होते त्याचा उल्लेखहि नाहीं. दुःखाचें कारणहि सांगितलेलें नाहीं. आहेत ते प्रश्न. पृथ्वीचा पाया घातला गेला तेव्हां ईयोब कोठें होता, समुद्राला दारें व अडसर कोणीं लावले, हिमाचीं कोठारें त्यानें पाहिलीं आहेत काय?

मला विशेष वाटतें तें हें कीं, या प्रश्नांतून दिसणारें सामर्थ्य पोसणारें आहे. जेथें माणूस राहतच नाहीं अशा ओसाड रानावर पाऊस पाडणारा तो. भुकेल्या कावळ्याच्या पिलांना चारा देणारा तो. डोंगरांतल्या रानबकऱ्या केव्हां वितात हें जाणणारा तो. ज्या दरबारांत कावळ्याच्या पिलांची दाद लागते, तेथें राखेंत बसलेल्या माणसाचा विसर पडेल काय, हें देव बोलून दाखवीत नाहीं. ईयोबाला तें ओळखूं देतो. शेवटीं ईयोब कबूल करतो कीं, पूर्वीं देवाविषयीं कानांनीं ऐकलें होतें, आतां डोळ्यांनीं पाहिलें. गेलेलें वैभव तेव्हां अजून परत मिळालेलें नव्हतें, हें ध्यानांत ठेवावें.

आणि देवाचा कोप झाला तो कोणावर? अलीफज व त्याच्या दोन सोबत्यांवर! सात बैल व सात एडके घेऊन त्यांनीं ईयोबाकडे जावें आणि त्यानें त्यांच्यासाठीं प्रार्थना करावी, अशी आज्ञा झाली.

या ग्रंथावर संत ग्रेगरी यांनीं पस्तीस भागांचें भाष्य रचिलें. इ. स. ५९० मध्यें पोप होण्यापूर्वीं ते कॉन्स्टँटिनोपल येथें होते, तेव्हां सोबतच्या मठवासी बंधूंपुढें त्याचा आरंभ झाला. पोटाच्या विकारानें व तापानें ते जर्जर असत. पीडित ईयोबाचा अर्थ पीडितानेंच सांगावा अशी देवाची योजना असावी, असें त्यांनीं भाष्याबरोबरच्या पत्रांत सुचविलें आहे.

पुढें तोच गुरु मानवदेह धारण करून गालीलच्या सरोवरांत एका होडींत उशीवर निजला होता. वादळ उठलें, लाटा आंत येऊं लागल्या. संत मार्क यांच्या शुभवर्तमानांत शिष्य त्याला या वेळीं ‘गुरुजी’ अशीच हांक मारतात. आम्ही बुडतों याची त्याला काळजी नाहीं कीं काय, असें विचारतात. आपल्यांतील दर्यावर जाणाऱ्या बांधवांना ती हांक समजेल. त्यानें वाऱ्याला दटाविलें, पाणी शांत केलें, आणि मग त्यांना विचारलें कीं, एवढें भ्यायचें कारण काय?

त्या माउलीकडे मी पुन्हां गेलों तो अकरा वर्षांनीं. “बाय, त्या दिवशीं मी चुकलों,” असें मीं म्हटलें. “ठाऊक आहे, मास्तर,” असें म्हणून तिनें ओट्यावर चटई घातली. संध्याकाळची घंटा होईपर्यंत ती मुलाच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होती, व मी ऐकत होतों.