केळकरांच्या संग्रहालयात
(मंडळाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. व्याख्यान देण्याचा माझा वकूब नाही. पण भाचीच्या लग्नाला पुण्यास गेले असता मी राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून आले, हे कळताच चिटणीसबाईंनी मला न विचारता कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव घातले. तेव्हा जे पाहिले ते सांगते.

संग्रहालय म्हणजे राजेरजवाड्यांच्या तलवारी आणि तसबिरी, अशी माझी समजूत होती. तलवारी येथेही आहेत. पण माझे पाय खिळले ते अडकित्त्यांपाशी. एक का दोन! कुठे पोपट, कुठे घोडा, कुठे राघूमैनेसारखे बिलगलेले जोडपे. सुपारी कातरायची, ती साध्या लोखंडी पात्यानेही कातरली जाते. मग ज्याने पोपटाला चोच काढली, डोळा काढला, त्याने तो वेळ कुणासाठी घालवला?

तसेच दिवे. टांगायचे, हातात धरायचे, देवापुढे ठेवायचे. तशाच वज्र्या. आमच्या गावी टाच घासायला विटेचा तुकडा नाहीतर खापरी. फार झाले तर नदीतला खरबरीत दगड. येथे वज्रीच्या तळाला खरखरीत रेघा पाडलेल्या आणि वर धरायला पक्षी बसवलेले. दिवसभर कामात भेगाळलेल्या पायांचासुद्धा कुणीतरी एवढा विचार केला होता, हे पाहून मला फार बरे वाटले. विंचवाच्या आकाराचे कुलूपही आहे. ते पाहून आमची नात मागे सरली!

हा सगळा संग्रह एका माणसाचा. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा. ते कवी होते आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि जन्मभर तेच केले. गावोगाव हिंडायचे, जुन्या वाड्यांतून विचारपूस करायची, पदरमोड करायची. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. माझ्या मनात आले, घरात रोज नवे जुनेर येत असताना त्या माउलीने ते ठेवले तरी कुठे असेल! आज तेथे वीस हजारांवर वस्तू आहेत, त्यांतल्या सुमारे अडीच हजारच मांडलेल्या आहेत. पुढे केळकरांनी हे सारे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. १९८० साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९९० साली ते वारले.

नावातला ‘राजा’ हे कुणा संस्थानिकाचे बिरुद नव्हे, बरे का. राजा हा त्यांचा मुलगा, लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हे संग्रहालय. हे समजल्यावर मी पाटी पुन्हा एकदा वाचली.

कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून येथे तो उभा केला आहे. लोक तेथे फार गर्दी करतात. मी बेताचेच थांबले. मला परत स्वयंपाकाच्या भांड्यांकडे जायचे होते.

त्याचे कारण सांगते. आमच्या सासरच्या गावचा वाडा आता पाडायचा आहे. माळ्यावर सासूबाईंची भांडी आहेत. बंब, घंगाळ, पितळी डबे, शेवयांचा सोऱ्या, समया. भाऊजी म्हणतात, वजनावर मोडीत घालू, पैसे सारखे वाटून घेऊ. धाकट्या जाऊबाई म्हणतात, “वहिनी, दोन खोल्यांच्या घरात घंगाळ ठेवू कुठे?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. पितळ घासायला लागते ते मलाही ठाऊक आहे. आणि ते घासणार कोण, हेही मला ठाऊक आहे.

पण एक गोष्ट तेथे खटकली, तीही सांगते. मी वाचलेल्या चिठ्ठ्यांवर वस्तूचे नाव होते, धातू होता, कुठे गाव, कुठे शतक होते. वापरणारीचे नाव कुठेच नव्हते. असणार तरी कसे? वस्तू विकणाऱ्यालाच ते माहीत नसेल. आमच्या सोऱ्याचे मात्र अजून मला माहीत आहे. सासूबाई तो मांडीखाली दाबून शेवया पाडीत आणि त्यांच्या आधी आजेसासूबाई पाडीत. त्याचा एक कान मोडला तो कासाराने जोडलेला आहे. माझ्यानंतर हे सांगणारे घरात कुणी उरणार नाही.

म्हणून मी भाऊजींना निरोप धाडला आहे, की बंब आणि घंगाळ खुशाल मोडीत घाला, माझी हरकत नाही. सोऱ्या, एक समई आणि सासऱ्यांचा अडकित्ता एवढे माझ्या वाटणीत धरा आणि त्यांच्या वजनाचे पैसे माझ्या हिश्शातून वळते करा. अजून उत्तर आलेले नाही. दरम्यान नातीकडून एक वही आणवली आहे. तिच्यात कोणती वस्तू कुणाची, कुठून आली, कशी वापरीत, ते लिहू लागले आहे. सात पाने झाली. अक्षर वाईट आहे, पण वाचता येते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी वज्री असली, तर येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जरूर घेऊन या. मला ती हातात धरून पाहायची आहे. तेथे काचेआड होती.