बाटली धुणारा आणि बाटलीत बघणारा

(कल्याण पूर्वेच्या एका विहारात दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींपुढे केलेले भाषण)



संयोजक म्हणाले, पोरांना पुढच्या शिक्षणाबद्दल चार शब्द सांगा. मी म्हटलं, अरे, मी स्वतः मॅट्रिक. गोदीत गोणी उचलतो. पहाटेची लोकल, दिवसभर हुक आणि बारदान, संध्याकाळी अंगात काही उरलं तर कविता. माझी डिग्री मुकादमाच्या हजेरीवहीत. मी काय सांगणार? पण त्यांनी विषय सांगितला आणि मी मुकाट हो म्हटलं. विषय माझ्या घरातलाच निघाला.

माझी धाकटी बहीण मेडिकल लॅबोरेटरीच्या पदवीला आहे. दुसरं वर्ष. तिच्या या पदवीवरून आमच्या घरात दोन वर्षं भांडण चालू आहे. ते भांडण मी आज विहारात घेऊन आलोय, कारण ते एकट्या आमच्या घरातलं नाही.

माझा बाप एका इस्पितळाच्या लॅबमध्ये सफाईला होता. कुठलं इस्पितळ ते सोडा. बावीस वर्षं त्यानं बाटल्या धुतल्या. लोकांचा गू, लोकांचं मूत, लोकांचा बेडका, लोकांचं रक्त. हातात ग्लोव्हज नाहीत. घरी आला की मोरीत अर्धा तास हात घासायचा आणि मगच आम्हांला जवळ घ्यायचा. बावीस वर्षांत एकानंही त्याला सांगितलं नाही की बाबा रे, या बाटलीत काय आहे. त्याला फक्त 'ए' म्हणून हाक मारायचे.

पुढं त्याला खोकला लागला. डबीत सकाळचा बेडका घेऊन मी आणि बहीण दुसऱ्या एका लॅबच्या खिडकीवर गेलो. दुसऱ्या दिवशी कागद मिळाला. वर लिहिलं होतं, थ्री प्लस. मला वाटलं, प्लस म्हणजे चांगलंच असणार. आत काम करणारी एक ताई बाहेर आली. म्हणाली, "दादा, हे मार्क नाहीत, जंतू आहेत." तिनं आम्हांला आत नेलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितला. निळ्या रंगावर लाल काड्या. ढीगभर. माझ्या बापाच्या छातीतलं सगळं तिथं काचेवर मांडलेलं. मी घाबरून डोळा काढला. बहिणीनं मात्र लावलेला डोळा काढलाच नाही. बाप सहा महिने गोळ्या घेऊन बरा झाला, पण पोरगी त्या काचेत अडकली ती अडकलीच.

बारावी सायन्स झाली आणि तिनं सांगितलं, मला हेच शिकायचंय. तेव्हा आमची आत्या काय म्हणाली? म्हणाली, "एवढं शिकून पुन्हा गू-मूतच? बापानं हातानं केलं, पोरगी पदवी घेऊन करणार? मग बाबासाहेबांनी शिका कशाला सांगितलं?"

हसू नका. आत्याचा प्रश्न खोटा नाही. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या मेलेली ढोरं ओढायला लावली, दुसऱ्याची घाण उपसायला लावली आणि वर घाण उपसता म्हणून विटाळ ठरवलं, त्या समाजातली बाई पोरीच्या हातात लघवीची बाटली बघून बिथरणारच. तिच्या त्या बिथरण्यामागं हजार वर्षं आहेत.

पण आता माझा प्रश्न ऐका. बाटली तीच. तिच्यातला गूही तोच. बाटली धुणारा तो अस्पृश्य आणि बाटलीत बघणारा तो सायंटिस्ट, हे कसं? धुणाऱ्याला 'ए' आणि बघणाऱ्याला 'सर', हे कुणी ठरवलं? माझ्या मते घाणीत विटाळ नव्हताच कधी. त्यांनी घाण आपल्याला दिली आणि घाणीचं ज्ञान स्वतःकडे ठेवलं. आपल्या वाट्याला नुसता वास आला. म्हणून बहीण त्या बाटलीकडे परत गेली नाही. बापाच्या हातातून जे काढून घेतलं होतं ते आणायला गेली आहे.

आता हे शिक्षण असतं तरी काय, ते बघा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हवं. कुठं याला बीएस्सी एमएलटी म्हणतात. आपल्या राज्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत बीपीएमटी म्हणून पदवी आहे, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. हे विद्यापीठ १९९८ साली निघालं. तीन वर्षं शिक्षण आणि वर चालू इस्पितळात एक वर्ष इंटर्नशिप. जीवरसायन, रक्तशास्त्र, सूक्ष्मजंतू, रक्तपेढी, कापलेल्या मांसाच्या तुकड्याची तपासणी, हे सगळं त्यात येतं.

बहीण रात्री जेवताना सांगते, आत्या नाक मुरडते, आणि मी ऐकतो. रक्त घेताना जांभळ्या टोपणाची नळी वेगळी, त्यात रक्त गोठत नाही, पेशी मोजायला ती. राखाडी टोपणाची साखरेसाठी. निळ्या टोपणाची रक्त किती वेळात गोठतं ते बघायला. नळी चुकली की रिपोर्ट चुकला, रिपोर्ट चुकला की औषध चुकलं. टीबीची स्लाईड आधी लाल रंगानं रंगवायची, मग ॲसिडनं धुवायची. बाकी सगळं रंग सोडतं, हा जंतू सोडत नाही. जातीसारखा चिवट. आणि 'निगेटिव्ह' लिहायच्या आधी स्लाईडवरची शंभर ठिकाणं बघावी लागतात. शंभर! दहा बघून निगेटिव्ह लिहिलं तर कुणाला कळणार? कुणालाच नाही. एखादा बाप खोकत राहणार, एवढंच. आता सीबीनॅट, ट्रूनॅट अशी यंत्रं आली आहेत, काही तासांत सांगतात. पण यंत्रात नमुना घालणारा हात इमानदार लागतोच.

मी गोदीवाला, म्हणून गोदीजवळची एक गोष्ट सांगतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग सापडला तो मांडवीत, गोदीला लागून, धान्याच्या वखारींत. ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याकडच्या डॉक्टरानं. मग हाफकिन नावाचा माणूस आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत बसून त्यानं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. आणि त्याच वर्षी, दोन महिन्यांनी, पुण्याकडे काय झालं? मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं एक पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेतलं आणि आपल्या यशवंताच्या दवाखान्यात नेलं. पोर वाचलं. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला प्लेगनं गेल्या.

ही दोन्ही माणसं आपली आहेत असं मी मानतो. लॅबमध्ये बसून स्वतःच्या अंगात सुई घालून घेणारा तो, आणि ज्याला शिवायचं नाही असं धर्म सांगत होता त्या पोराला पाठीवर घेणारी ती. ज्याला ही पदवी घ्यायची असेल त्यानं दोघांचे फोटो टेबलावर ठेवावेत. एकटा हाफकिन ठेवाल तर नुसते टेक्निशियन व्हाल.

आता रक्ताचं बोलू. रक्ताच्या शुद्धतेवर या देशात पोथ्यांचे ढीग लिहिले गेले. १९०१ साली व्हिएन्नात लँडस्टायनरनं माणसांच्या रक्ताचे गट शोधले. त्यात ब्राह्मण गट निघाला नाही की महार गट निघाला नाही. ए, बी, ओ; पुढं एबी. १९५२ साली परळच्या केईएममध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक दुर्मिळ गट सापडला. जगभर त्याला बाँबे ब्लड ग्रुप म्हणतात. त्या गटाच्या माणसाला त्याच गटाचं रक्त लागतं, दुसऱ्या कुणाचं चालत नाही. मरायला टेकलेला माणूस तेव्हा जात विचारत नाही, नळी विचारतो.

पण याच्या पुढचं कुणी सांगत नाही. रक्तात जात नसते, हे खरं. पण जातीनं घातलेली भूक रक्तात दिसते. बाईचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली आणि पुरुषाचं तेराच्या खाली गेलं की रक्त कमी, असं पुस्तक म्हणतं. आपल्या वस्तीतल्या आयांचं काढा एकदा. विदर्भात आपल्या लोकांत आणि आदिवासींत सिकलसेल आहे. रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, पोर दुखण्यानं तळमळतं आणि घरचे म्हणतात, भूत लागलं. एका तपासणीनं कळतं ते. लग्नाआधी दोघांची तपासणी झाली तर पुढचं दुखणं टळू शकतं. हे सांगायला शहापूर-मुरबाडच्या पाड्यांत आणि विदर्भातल्या वस्त्यांत त्यांची भाषा बोलणारा माणूस गेला पाहिजे. तो आपल्यातूनच निघाला पाहिजे.

आता सावध करतो. स्टेशनबाहेर बोर्ड दिसतील, 'सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन, नोकरीची हमी'. आमच्या चाळीतल्या एका पोराच्या बापानं कर्ज काढून पैसे भरले. हातात आलं ते सर्टिफिकेट लॅमिनेट करण्याच्या लायकीचं होतं, बाकी कशाच्याच नाही. पैसे भरायच्या आधी तीन प्रश्न विचारा. विद्यापीठ कुठलं? परिषदेत नोंदणी होते का? आणि हातानं काम कुठल्या इस्पितळात करायला मिळणार? तिन्हींची उत्तरं कागदावर मागा. २०२१ साली या क्षेत्रासाठी देशभराचा कायदा झाला आहे. किती वर्षं आणि किती तास शिकलं पाहिजे ते त्यात लिहिलंय. पदविका किंवा पदवीला कमीत कमी २,००० तास. वरच्या पायरीच्या पदवीला ३,६००. सहा महिन्यांत हे बसत नाही, साधा हिशेब आहे.

पैशाचं. मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती ही भीक नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हा, १९४४ साली ती सुरू झाली. आज उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, अर्ज महाडीबीटीवर. जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला आजच काढायला घ्या. माझ्या बहिणीच्या कॉलेजनं आधी फी मागितली, नंतर शिष्यवृत्ती बघू म्हणाले. मी दोन महिने डबल पाळी केली. पाठ अजून दुखते. पण प्रत्येकाच्या घरात गोणी उचलणारा भाऊ नसतो. म्हणून अशा वेळी एकट्यानं खिडकीवर जाऊ नका, दहाजण जा.

आणि शेवटचं, सहीचं. १२ डिसेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिकलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच पाहिजे. म्हणजे शंभर ठिकाणं तू बघायची आणि सही दुसऱ्याची. राग येतो? मलाही आला. पण बहीण म्हणाली, "दादा, रोग्याच्या जिवाचा प्रश्न आहे, जास्त शिकलेल्यानं सही करावी हे बरोबरच. मला राग याचा येतो की तिथपर्यंत आपले इतके थोडे का पोचतात." तेव्हा पदवीवर थांबू नका. एमएस्सी करा. ज्याला जमेल त्यानं डॉक्टर होऊन त्या सहीपर्यंत जावं.

भांडणाचं काय झालं? ते बापानं मिटवलं. एका रात्री आत्या पुन्हा सुरू झाली तेव्हा खाटेवरून म्हणाला, "अगं, बावीस वर्षं मला कुणी सांगितलं नाही त्या बाटलीत काय होतं. ही रोज सांगते. बोलू दे तिला." आत्या गप्प बसली. पटलं असं नाही म्हणणार, पण गेल्या आठवड्यात स्वतःची शुगर तपासायला बहिणीला विचारत होती.

जी पोरं ही पदवी घेऊन लॅबमध्ये जातील त्यांना माझं एक सांगणं आहे. पांढरा कोट घातल्यावर पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपकडे जाऊ नका. आधी मागच्या मोरीकडे जा. तिथं कोण बाटल्या धुतो ते बघा. त्याच्या हातात ग्लोव्हज आहेत का, काविळीची आणि धनुर्वाताची लस त्याला टोचली आहे का, विचारा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत ते लिहिलेलं आहे, कुणाचे उपकार नाहीत. नसेल तर भांडा. त्याला 'ए' म्हणू नका, काका म्हणा. आणि एकदा त्याला मायक्रोस्कोपशी आणून त्याचा डोळा लावा त्या काचेला.

माझ्या बापाला ते कुणी दाखवलं नाही.

जय भीम.