भिंगावरची काच : हवी की नको?

श्रोतेहो, माझा भाचा लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. कर्ज काढून त्याने एक उत्तम भिंग घेतले. दुकानदाराने बजावले, "यावर संरक्षक फिल्टर लावल्याशिवाय घराबाहेर पडू नका." सोबती म्हणाला, "अरे, एवढ्या मोलाच्या भिंगावर साधी काच म्हणजे पैठणीवर गोणपाट!" भाचा माझ्याकडे आला. "मामा, ऐकू तरी कोणाचे?"

प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. फिल्मच्या जमान्यात या काचेला खरोखरच काम होते. फिल्मला अतिनील किरण जाणवत आणि डोंगरावरून टिपलेल्या दूरच्या दृश्यावर धूसरपणा येई. तो ही काच कमी करी. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात ते किरण अडवणारे थर संवेदकापुढेच असतात. म्हणजे मूळचे काम संपले. उरली ती राखणदारी.

आणि राखणदार काही फुकट राबत नाही. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. दोन्ही बाजू मिळून झाले ८ टक्के. चांगला लेप दिलेल्या काचेत हे प्रमाण बरेच खाली येते. सूर्य पाठीशी असला तर फरक ध्यानातही येत नाही. पण रात्री मांडवातले दिवे समोर आले की आतून परतणारा प्रकाश या सपाट काचेवर आपटतो, पुन्हा आत शिरतो, आणि नसलेले दिवे चित्रात उमटतात.

भाच्याने स्वस्तातला फिल्टर लावला होता. मंगळसूत्र बांधण्याच्या क्षणाचे चित्र पाहून वधूचे वडील एवढेच म्हणाले, "हे हिरवे ठिपके कसले हो?" तो क्षण पुन्हा कसा आणणार?

"पण मामा, भिंग पडले तर?" हाही प्रश्न रास्त आहे. फिल्टर फुटला आणि भिंग वाचले की आपण म्हणतो, फिल्टरने जीव दिला. तसे असेलच असे नाही. फिल्टरची काच पातळ, भिंगाची पुढची काच जाड. जो धक्का पातळ काच फोडतो, तो जाड काच फोडीलच असे नव्हे. उलट फुटलेले तुकडेच भिंगावर ओरखडे काढतात. धक्क्याला हूड बरा; तो आडवा येणारा प्रकाशही अडवतो.

मग फिल्टर टाकूनच द्यायचा का? छे! सोमवती अमावस्येला जेजुरीच्या गडावर उभे राहा. भंडारा असा उधळला जातो की माणूस पिवळा होतो, तिथे भिंगाची काय कथा! कोकणच्या किनाऱ्यावर खारे तुषार आणि वाळू. अशा ठिकाणी काच वारंवार पुसावी लागते. ती बदलता येणारी असलेली बरी. काही भिंगांची धूळ-पाण्यापासूनची बंदिस्ती तर पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होते, असे त्यांचे निर्मातेच सांगतात.

आणि पुढच्या काचेवर धुळीचा कण बसला म्हणून जीव खाली-वर करू नये. तो चित्रात सहसा दिसतही नाही.

तेव्हा भाच्याला मी म्हटले, "फिल्टर घेशील तर चांगला घे, आणि खिशात ठेव. धूळ, वाळू, तुषार दिसले की लाव. मांडवात दिवे लागले की काढ. हूड मात्र कायम असू दे." छत्री घरात असावी, श्रोतेहो, पण म्हणून कोणी ती उघडून जेवायला बसत नाही!